पुढचं कॅम्पेन कोण चालवणार?

ताई,
आमचा सहा जणांचा गट गेली काही वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत मिळून गोष्ट रंगवायचा गेम खेळतो. पहिल्या दिवसापासून डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मीच. चालू कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट, आता शेवटाकडे आलंय आणि पुढचं माझ्या डोक्यात तयार आहे. मोठं आहे, निदान दोन वर्षं चालेल असं. पण गटात दोन तट पडलेत. एक मित्र म्हणतो, २०२४ची नव्या नियमांची पुस्तकं घेऊ, नाहीतर आपण मागे राहू. दुसरा म्हणतो, कंपनीचं काही खरं नाही, जुनी माणसं सोडून चालली, लोक दुसऱ्या गेमकडे वळले, मग बुडत्या गेमवर दोन वर्षं कशाला घालवायची? उरलेले तिघं म्हणतात, तू ठरवशील ते. मी रोज रात्री याबद्दलच्या बातम्या वाचत बसतो आणि तयारीची वही तशीच राहते. या गेमला खरंच भविष्य आहे का? नवी पुस्तकं घेऊ, गेम बदलू, की आहे तसंच चालू ठेवू? खरं सांगायचं तर मी थोडा थकलोयसुद्धा, पण ते कुणाला बोललेलो नाही.
— पडद्यामागचा

प्रिय पडद्यामागच्या,

पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तू शेवटी, तेही जाता जाता लिहिलंयस. त्याच्याकडे मी येणार आहे. पण जे विचारलंयस त्याचं उत्तर आधी देते, नाहीतर तू आज रात्री पुन्हा बातम्याच वाचत बसशील.

हा गेम बुडाला असं लोक पहिल्यांदा म्हणत नाहीयेत. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला तेव्हा पहिल्या आवृत्तीच्या फक्त हजार प्रती होत्या. पुस्तिका आणि खोकी हातांनी जुळवलेली. हे कोण विकत घेणार, हा प्रश्न तेव्हाही रास्तच होता. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत एक कॉलेजचा विद्यार्थी बेपत्ता झाला आणि खापर या गेमवर फुटलं. ऐंशीच्या दशकात तर हा सैतानाच्या नादी लावणारा खेळ आहे असं म्हणत पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या. त्या आरड्याओरड्यातून गेमला जी प्रसिद्धी मिळाली ती जाहिरातीवर पैसे खर्चून मिळाली नसती.

खरी शेवटची घटका आली ती १९९७ च्या आसपास, आणि ती गोष्ट तुझ्या दुसऱ्या मित्राने ऐकण्यासारखी आहे. मूळ कंपनी टीएसआर. तिने एकामागून एक नवी काल्पनिक जगं बाजारात आणली, प्रत्येकाची वेगळी पुस्तकं, वेगळे नकाशे, वेगळे खोके. खेळणारे काही तितक्या पटीने वाढले नव्हते. जो एका जगात रमला तो दुसऱ्याची पुस्तकं घेईना, म्हणजे कंपनी स्वतःचंच गिऱ्हाईक वाटून घेत होती. न खपलेली पुस्तकं दुकानांतून वितरकाकडे आणि वितरकाकडून कंपनीकडे परत येऊ लागली, छापखान्याची देणी थकली, आणि काही महिने नवीन काही छापलंच गेलं नाही. शेवटी विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने, जी १९९३ साली आलेल्या मॅजिक या पत्त्यांच्या खेळावर गब्बर झाली होती, टीएसआर विकत घेतली. दोन वर्षांनी हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने विझार्ड्सलाच घेतलं. आज तू ज्या कंपनीच्या बातम्या वाचतोस ती हीच विझार्ड्स.

आता विचार कर, छपाई बंद होती त्या महिन्यांत लोकांनी खेळणं थांबवलं असेल का? पुस्तकं घरात होती, फासे होते, डीएम होता. १९८१ चे नियम घेऊन आजही हौसेने खेळणारे गट आहेत. त्या नियमांसाठी नवीन साहसं लिहिणारे लेखक आहेत. त्या एडिशनला कंपनीकडून नवीन काही मिळत नाही आणि तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

पत्ते छापणारा कारखाना बंद पडला म्हणून रमी बंद पडत नाही, हे कुणीही मान्य करेल. पण तुझा मित्र म्हणेल की रमीचे नियम कुणाच्या मालकीचे नाहीत, हे नियम मात्र कंपनीचे आहेत. बरोबर आहे. म्हणूनच २०२३ सालचा जानेवारी महिना मला या गेमच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा महिना वाटतो, सिनेमा, मालिका आणि व्हिडिओ गेमपेक्षाही.

झालं असं. तिसऱ्या एडिशनच्या वेळी, २००० साली, विझार्ड्सने ओपन गेम लायसन्स आणलं होतं. नियमांचा गाभा इतरांनी वापरावा, त्यावर आपली पुस्तकं काढावीत, अशी ती सोय. त्यावर एक अख्खा उद्योग उभा राहिला. २००८ च्या चौथ्या एडिशनला कंपनीने ती सोय आखडती घेतली, तेव्हा पायझो या प्रकाशकाने जुन्याच खुल्या नियमांवरून २००९ मध्ये पाथफाइंडर हा गेम काढला आणि नाराज खेळाडूंचा मोठा लोंढा तिकडे वळला. या अनुभवातून कंपनी शहाणी झाली असेल असं आपल्याला वाटलं होतं. पण २०२३ च्या सुरुवातीला नव्या लायसन्सचा मसुदा फुटला. जुनं लायसन्स रद्द, मोठ्या प्रकाशकांनी कमाईतला वाटा द्यायचा, अशी त्यात भाषा होती. खेळाडू इतके भडकले की त्यांनी कंपनीच्या डी अँड डी बियाँड या ऑनलाइन सेवेची वर्गणी धडाधड बंद करायला सुरुवात केली. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली, आणि साधीसुधी नाही. पाचव्या एडिशनच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली खुला करून टाकला. ते आता मागे घेता येत नाही. बिहोल्डरसारखे काही खास राक्षस त्यात नाहीत, बऱ्याच सबक्लास (पात्रांचे उपप्रकार) नाहीत, पण वीस बाजूंचा फासा टाकण्यापासून फायरबॉलच्या मंत्रापर्यंत खेळायला लागतं ते त्यात आहे. एप्रिल २०२५ मध्ये २०२४ च्या नव्या नियमांचा गाभाही तसाच खुला झाला.

म्हणजे उद्या कंपनीने दुकान बंद केलं, तरी हे नियम कुणीही छापू शकतो, विकू शकतो, त्यावर नवीन गेम बांधू शकतो. "बुडता गेम" या शब्दांत आता कायद्याच्याही दृष्टीने फारसा अर्थ उरलेला नाही.

बरं, कंपनी तरी बुडते आहे का? २०२३ च्या डिसेंबरात हॅस्ब्रोने सुमारे ११०० माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, त्यात विझार्ड्सची माणसंही गेली, आणि ते क्रूरच होतं, कारण हॅस्ब्रोमध्ये तोट्याचं दुखणं खेळण्यांचं होतं आणि विझार्ड्स हा कमावता विभाग होता. त्याच वर्षी याच गेमवर आधारलेल्या बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेमने, जो लॅरियन या स्टुडिओने बनवला आणि ज्याचा वाटा विझार्ड्सलाही मिळाला, जग जिंकलं. तेव्हा पैसा येत नाही म्हणून माणसं गेली असा हिशेब तुझा मित्र मांडत असेल तर तो चुकतो. आलेला पैसा कुणासाठी आहे, हा खरा प्रश्न. ख्रिस पर्किन्स आणि जेरेमी क्रॉफर्ड, ज्यांनी पाचवी एडिशन घडवली, ते २०२५ मध्ये विझार्ड्स सोडून डॅरिंग्टन प्रेसकडे गेले. ही क्रिटिकल रोलवाल्यांची, म्हणजे स्वतःचा खेळ कार्यक्रम म्हणून दाखवणाऱ्यांची, प्रकाशनसंस्था, तिचा स्वतःचा डॅगरहार्ट हा गेम त्याच वर्षी मे महिन्यात आला. तुझा मित्र हे बहुतेक याच बातम्यांवरून म्हणतोय. माणसं गेली हे खरं. पण ती गेली ती याच छंदातल्या दुसऱ्या घरी. तू खेळतोस तो छंद त्यामुळे लहान झाला नाही.

लोकप्रियतेचं म्हणशील तर ती ओसरेल. ओसरतेच आहे असंही कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पाचव्या एडिशनच्या, २०१४ च्या सोप्या नियमांनंतर, २०१५ पासून क्रिटिकल रोल बघून, मग एका गाजलेल्या मालिकेत मुलांना खेळताना बघून, मग महासाथीत घरी अडकून ऑनलाइन टेबलांवर, अशी माणसं लाटेलाटेने आली. लाट ओसरली की बघायला आलेले जातात. ज्यांना टेबल मिळालं ते राहतात. ओसरण्याचा फटका बसतो तो गट शोधणाऱ्या नवख्याला, किंवा अनोळखी लोकांना बोलावून टेबल भरवणाऱ्याला. तुमचा सहा जणांचा बंद गट आहे. जगात दहा लोक खेळतात की दहा कोटी, याने तुमच्या पुढच्या सेशनला काही होत नाही.

आता पहिल्या मित्राकडे. "मागे राहू" म्हणजे कुणाच्या मागे? ही काही परीक्षा नाही की अभ्यासक्रम बदलला. २०२४ च्या नियमांत चांगलं बरंच आहे. हत्यारांना वेपन मास्टरी (प्रत्येक हत्याराचा खास डाव) मिळाल्यामुळे फायटरला "मी मारतो, मी पुन्हा मारतो" याच्या पलीकडे काहीतरी करता येतं. सगळ्या क्लासना (पात्रांच्या प्रकारांना) सबक्लास तिसऱ्या लेव्हलला मिळते, त्यामुळे नवख्याचा गोंधळ कमी होतो. ॲबिलिटी स्कोअरची (ताकद, चपळाई वगैरेंच्या आकड्यांची) वाढ आता बॅकग्राउंडमधून, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यातून येते, हे मला व्यक्तिशः फार पटलेलं नाही, पण त्यात बिघडतही काही नाही. जुनी साहसं या नियमांनी चालतात. पण यातलं काहीही असं नाही की ज्यावाचून तुझं दोन वर्षांचं कॅम्पेन अडेल. ज्याला हवं त्याने आधी खुले नियम उतरवून घ्यावेत, दोन सेशन खेळून बघावं, आणि मग आवडलं तर प्लेअर्स हँडबुक स्वतःसाठी घ्यावं. स्वतःसाठी म्हणते, कारण मला दाट शंका आहे की "पुस्तकं घेऊ" मधला खर्च दरवेळी तुझ्या खिशातून होतो.

घ्यायचंच तर कागदावरचं घ्या. चौथ्या एडिशनची ऑनलाइन साधनं कंपनीने पुढे बंद करून टाकली. २०२४ मध्ये डी अँड डी बियाँडवरचे लोकांचे जुने स्पेल (मंत्र) आपोआप नव्या रूपात बदलण्याचं ठरलं होतं, ओरडा झाला म्हणून थांबलं. शेल्फवरचं पुस्तक रात्रीतून बदलत नाही.

इथवर मी जे लिहिलं त्यातलं निम्मं तुला ठाऊक असणार. रोज रात्री वाचतोस ना. म्हणून मला वाटतं की तुझी चिंता गेमच्या भविष्याची नाहीच. बातम्या वाचणं ही तयारी टाळायची सभ्य पळवाट आहे. मीही डीएमच्या पडद्यामागे बरीच वर्षं बसले आहे, मला ही पळवाट लांबून ओळखू येते. नकाशा काढायचा कंटाळा आला की माणसाला अचानक लायसन्सच्या कलमांत रस निर्माण होतो.

आणि गंमत म्हणजे, या गेमचं भविष्य ज्या एका गोष्टीवर टिकलंय तीच तुझ्या टेबलावर कमी पडते आहे. २०२२ च्या शेवटी विझार्ड्सच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स गुंतवणूकदारांशी बोलताना म्हणाल्या होत्या की खेळणाऱ्यांत डीएम साधारण २० टक्केच आहेत, पण पैसे खर्च करणाऱ्यांत सगळ्यात मोठा वाटा त्यांचा आहे. त्यांना यातून उरलेल्या ८० टक्क्यांकडून कमाई कशी वाढवायची हे सुचलं. मला त्या आकड्यात दुसरंच दिसतं. पाचांत एक माणूस पुस्तकं घेतो, जग रचतो, वेळ जुळवतो, नियम लक्षात ठेवतो, राक्षसांचे आवाज काढतो, आणि बाकीचे चार "तू ठरवशील ते" म्हणतात. जगात किती टेबलं चालतील हे किती लोकांना खेळायचंय यावर ठरत नाही, किती लोक चालवायला तयार आहेत यावर ठरतं. कंपनीने यावर तांत्रिक उपाय करून पाहिला. सिगिल नावाचं त्रिमितीय ऑनलाइन टेबल २०२५ च्या सुरुवातीला आणलं, आणि काही आठवड्यांत त्यावरची बहुतेक टीम घरी पाठवली. देखणं होतं. पण सुंदर प्रकाशात न्हालेल्या डंजनला डीएमच्या डोक्यावरचा एकही भार कमी करता आला नाही, उलट नकाशे बनवायचं काम वाढलं असतं.

तुझ्या गटात सहापैकी एक डीएम आहे, आणि तो थकलाय. कॅम्पेन बंद पडतात ती वेळा जुळेनाशा झाल्यामुळे, आणि अशाच एका थकलेल्या माणसामुळे. कंपनी बुडाल्यामुळे कुणाचं कॅम्पेन बंद पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. चालू कॅम्पेन नीट संपव. शेवटची लढाई ओढूनताणून दहा सेशन लांबवू नकोस. ते संपलं की दोन वर्षांची मोठी गोष्ट लगेच सुरू करू नकोस. डोक्यात तयार आहे म्हणतोस, तर ती तिथे नासणार नाही. मधल्या काळात तुझ्या दुसऱ्या मित्राला, ज्याला दुसऱ्या गेमकडे जायचंय, त्याला सांग: छान, तू चालव. डॅगरहार्ट म्हणतोस तर डॅगरहार्ट, पाथफाइंडर म्हणतोस तर पाथफाइंडर. पाथफाइंडरचे नियम ऑनलाइन फुकट वाचता येतात, डॅगरहार्टमध्ये आशा आणि भीती अशा दोन बारा-बाजूंच्या फाशांची जोडी टाकायची असते आणि लढाईत पाळी ठरवायला इनिशिएटिव्हच नसतो, त्यामुळे नव्या माणसाला चालवायला मोकळं वाटतं. तीन सेशनचं छोटं साहस, एवढंच. त्याने नाही म्हटलं, तर त्याला गेम बदलायचा नव्हता, तुझ्याकडून बदलून हवा होता, हे दोघांनाही कळेल. हो म्हटलं, तर तुझ्या गटात दुसरा डीएम तयार व्हायला सुरुवात झाली, आणि कुठल्याही एडिशनपेक्षा ती मोठी खरेदी आहे.

पहिल्या मित्राला नियमांचा कारभार दे. नव्या नियमांत सगळ्यांची कॅरेक्टर बदलून काय वाटतं ते त्याने करून दाखवावं. सेशन चालू असताना "ग्रॅपल कसं करायचं?" हा प्रश्न तुझ्याकडे न येता त्याच्याकडे जावा. "तू ठरवशील ते" वाल्या तिघांपैकी एकाने तारखा जुळवाव्यात, एकाने मागच्या सेशनचं टिपण ठेवावं, एकाने लढाईत इनिशिएटिव्ह आणि हिट पॉइंट सांभाळावेत. ही कामं खेळाडूंची आहेत. ती तुझ्या गळ्यात पडली कारण पहिल्या दिवशी तूच उत्साहाने घेतलीस.

आणि थकलोय हे बोल. नव्या कॅम्पेनआधी सेशन झीरो, म्हणजे ठरवाठरवीची बैठक, असतंच, तिथे सगळ्यात पहिलं वाक्य तेच असू दे. माफी मागत नको, तक्रारीच्या सुरातही नको. "मला दर महिन्याला दोनच सेशन जमतील, आणि मधे मधे मला खेळायचंय" एवढं पुरे. ज्यांच्यासाठी तू इतकी वर्षं राजे, चोर आणि भुतं झालास त्यांना हे ऐकायला जड जाणार नाही. ज्याला जाईल त्याच्याबद्दल मला वेगळं पत्र लिही.

दोन वर्षांचं कॅम्पेन मात्र मी तुला तसं सुरू करू देणार नाही. बहुतेक कॅम्पेन विसाव्या लेव्हलला पोचत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. पहिल्या ते पाचव्या लेव्हलपर्यंतची, स्वतःचा शेवट असलेली गोष्ट लिही. ती संपल्यावर सगळ्यांना हात वर करायला लाव. पुढे जायचं असेल तर पुढचा तुकडा. त्या वेळी नियम २०१४ चे असतील, २०२४ चे, की आणखी कुणाचे, ते तेव्हा टेबलावर बसलेल्यांनी ठरवावं.

शेवटचं, मित्राच्या त्या तीन सेशनबद्दल. पहिलं सेशन तो वाईट चालवेल. नियम चुकेल, सरायवाल्याचं नाव दोनदा बदलेल, तुम्ही अपेक्षेबाहेरच्या दारातून गेलात की गडबडेल. तू पुस्तक उघडायचं नाहीस आणि "मी असतो तर" म्हणायचं नाहीस. कॅरेक्टर साधंसं घे, कुऱ्हाड घेऊन पुढे जाणारं. जादूगार घेतलास तर अर्ध्या तासात तू पुन्हा सगळ्यांना नियम समजावत बसलेला असशील.

— ताई